बीजगणित सक्तीचे झाले त्याची गोष्ट

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा मी आधी माझी दहावीची गुणपत्रिका शोधायला बसले. ती आईच्या कपाटातल्या फायलीत मिळाली. तिच्याखालीच आईचे एसएससीचे प्रमाणपत्र होते, १९७२ सालचे, अकरावीचे. आईला गणित कुठले होते, असे विचारले तर म्हणाली, "लोअर मॅथ्स. वर्गात विचारलं, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. मुलीला कशाला हवं ते बीजगणित, असं घरीही म्हणालेच." आई हिशेबात पक्की आहे, भिशीचा एक रुपया इकडचा तिकडे होत नाही. पण त्या हात वर करण्याने सायन्सची वाट बंद झाली, हे तिला कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी कळले.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा, इतिहासाचा नाही. तरी शोधत गेले, आणि बरेचसे धागे पुण्यातच सापडले.

मॅट्रिक ही मूळची मुंबई विद्यापीठाची प्रवेश परीक्षा. १८५९ साली ती पहिल्यांदा झाली आणि त्या पहिल्या तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. याच रानड्यांनी सहकाऱ्यांबरोबर १८८४ मध्ये मुलींची हुजूरपागा शाळा सुरू केली. मुलींना मुलांसारखेच इंग्रजी, गणित शिकवायचे की शिवणकाम आणि घरकामाला उपयोगी असे काही, यावर तेव्हा पुण्यात कडाक्याचा वाद झाला. टिळकांच्या 'मराठा' पत्राने या अभ्यासक्रमाला विरोध केला. पुढे १९१६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून स्त्रियांचे वेगळे विद्यापीठ काढले. मातृभाषेतून शिक्षण आणि स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम, अशी त्यांची कल्पना. मुली शिकाव्यात, ही त्यांची तळमळ खरीच होती. पण 'मुलींचा अभ्यास वेगळा' ही समजूत त्यातूनही पुढे चालत राहिली. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची एसएससी झाली, १ जानेवारी १९६६ला शिवाजीनगरचे आपले बोर्ड स्थापन झाले, तरी आईच्या वर्गात हात वर होतच होते.

हे थांबवण्यात हंसा मेहतांचा मोठा वाटा आहे. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व माणसे' असा शब्द घालायला लावणाऱ्या त्याच या बाई. १९६०च्या दशकात त्यांच्या समितीने मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा नको, असे स्पष्ट सांगितले. (गंमत अशी, की बडोद्याच्या विद्यापीठात त्या कुलगुरू असतानाच गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली.) १९६४-६६च्या कोठारी आयोगाने तेच उचलून धरले आणि पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचे करा, अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेमुळे पुणेकरांना हे नाव परके नाही. महाराष्ट्रात दहावीची नवी एसएससी १९७५ साली झाली, पहिली बारावी १९७७ला. आई काही वर्षांनी उशिरा जन्मली असती तर!

आपण मार्च १९९६च्या. बीजगणित घ्यायचे का, हे आपल्याला कोणी विचारलेच नाही. कटकट होती खरी, पण सक्ती होती म्हणून मी आज इंजिनिअर आहे. आणि सक्ती पेलवली ती आपल्या गणिताच्या बाईंमुळे. आठवते ना, पहिल्या चाचणीनंतर त्यांनी आख्खा तास काही न शिकवता नुसता पेपर वाचायला लावला होता? कुठल्या प्रश्नात पर्याय आहे, कुठल्या धड्याला किती गुण, कुठे उत्तर चुकले तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. "पक्ष, साध्य आणि आकृती तरी काढा गं, कोरं पान ठेवून उठू नका," हे त्यांचे वाक्य मला अजून ऐकू येते. कोड बिघडले की मीही टीममधल्या मुलांना जवळपास तेच सांगते.

पण गोष्ट एवढीच नाही. आपल्या वर्गातली एकजण गणितात राहिली. ऑक्टोबरला बसली, पुन्हा राहिली. मराठीचे निबंध तिचे वाचून दाखवायचे वर्गात. जी सक्ती मला दार उघडून देत होती, तिच्यासाठी तीच दार लावत होती. मधल्या काळात 'सामान्य गणित' असा सोपा पर्याय बोर्डाने दिला होता, नवा अभ्यासक्रम आल्यावर तोही गेला. गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा २०१७ मध्ये उच्च न्यायालयानेही केली होती. पर्याय असावा, असे तिच्याकडे पाहून वाटते. आईकडे पाहिले की वाटते, पर्याय ठेवला तर पुन्हा कोणाचे हात वर होतील ते ठाऊक आहे. माझे उत्तर अजून ठरलेले नाही.

तिचा नंबर ग्रुपवर कोणाकडेच नव्हता. गेल्या महिन्यात तो मिळाला, फोन केला. संमेलनाला येईन म्हणाली. मी तारीख, हॉल सगळे सांगितले, तर मध्येच थांबवून तिने विचारले, "गणिताच्या बाई येणार आहेत ना?"