तळटीप १४ : वॉली पक्षी
१४. वॉली पक्षी : लंडनजवळ साउथॉल येथे १८७७पासून भट्टी चालवणाऱ्या चार मार्टिन बंधूंपैकी थोरला रॉबर्ट वॉलेस (१८४३–१९२३) याने घडवलेल्या पक्ष्यांच्या आकाराच्या बरण्या, नाव त्याच्या ‘वॉलेस’वरूनच पडले. लेखक त्यांना ‘घुबडे’ म्हणतो, पण त्या कोणत्याही एका जातीच्या नाहीत. चोच पक्ष्याची, तिरकी नजर मात्र अगदी माणसाची. झिलई मिठाची : धगधगत्या भट्टीत मीठ टाकले की त्याची वाफ मातीशी एकजीव होऊन काचेसारखा पातळ थर धरतो. रंग बहुधा तपकिरी, निळसर. पक्ष्याचे डोके हेच झाकण. ते उचलून आत तंबाखू ठेवता येई. संग्रहालयात काचेआडून हे ध्यानात येत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवले. – संपा.