विस्तव न पेटवता समुद्राचं पाणी गोड कसं होतं?

लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर २००५ पासून एक भन्नाट कारखाना चालू आहे. तिथं समुद्राचं पाणी उकळतं, पण खाली जाळ नसतो!

आधी गरज समजून घेऊ. प्रवाळ बेटांवर नद्या नसतात. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं. विहिरींचा उपसा वाढला की खारं पाणी वर येतं. कवरत्तीची वस्ती ११ हजारांच्या घरात, म्हणजे उपसाही काही कमी नाही.

आता युक्ती. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. म्हणून तर उंच डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही. पंपाने हवा काढून टाकीतला दाब साधारण तिसाव्या हिश्श्यावर आणला, तर २५ अंशांना पाणी उकळतं. इथं समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी २८ अंशांच्या आसपास असतं. ते टाकीत सोडलं की थोड्या पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं. वाफेचं पुन्हा पाणी करायला थंडावा हवा. तो साडेतीनशे मीटर खोलीवरून पाइपने वर आणलेल्या १२-१३ अंशांच्या पाण्यातून मिळतो.

शंभर लिटरमागे गोडं पाणी जेमतेम एक लिटरही निघत नाही. पण समुद्राला काय तोटा! या कारखान्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर आहे, म्हणजे माणशी नऊ लिटर. पिण्या-स्वयंपाकापुरतं झालं. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने (एनआयओटी) हे तंत्र उभं केलं. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे कारखाने झाले.

अडचण विजेची आहे. पंप चालवायला वीज लागते आणि बेटांवर ती मुख्यतः डिझेलवर तयार होते. म्हणून याच तापमान-फरकावर वीज बनवून कारखाना चालवायचा ६५ किलोवॉटचा प्रकल्प कवरत्तीत हाती घेतला आहे. काम सोपं नाही. तुतिकोरिनजवळ अशाच एका मोठ्या प्रयोगात खोल पाण्याचा पाइप बसवतानाच गमावला होता.

मग मुंबईत हे का नाही? कवरत्तीला किनाऱ्यापासून काही शे मीटरवर समुद्र एकदम खोल होतो. मुंबईसमोर मात्र उथळ समुद्र दोनशे किलोमीटरहून लांब पसरलाय. एवढा पाइप कोण टाकणार?