खोडदच्या तबकड्या काय ऐकतात?

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की खोडदच्या दुर्बिणीचं नाव येतंच. मग कुणीतरी विचारतं, "त्या तबकड्यांचा उपयोग काय?" म्हणून हा थोडा इतिहास.

तारे हायड्रोजन वायूतून जन्मतात. वायूचा ढग थंड होतो, स्वतःच्याच वजनाने आकसतो, गाभ्यात तापतो आणि तारा पेटतो. पण हा थंड वायू डोळ्यांना दिसत नाही. १९४४ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, व्हान डी हुल्स्ट या तरुणाने गणित मांडलं: हायड्रोजनमधून २१ सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरी निघत असणार. १९५१ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला त्या सापडल्या.

फार दूरच्या दीर्घिकांमधून येताना ही लहर ताणली जाते. अशा लांब लहरी पकडायला प्रा. गोविंद स्वरूप यांनी आपल्या भागात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या केल्या.

२०२० मध्ये पुणे-बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून ८ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन मोजला. तेव्हा तारे आजच्यापेक्षा कितीतरी वेगाने जन्मत होते, पण वायूचा साठा जेमतेम एक-दोन अब्ज वर्षं पुरेल एवढाच. नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणूनच पुढे ताऱ्यांचा जन्मदर घसरला असावा.

हे संकेत इतके क्षीण, की विजेच्या ठिणगीनेही झाकले जातात. रेल्वे हवीच, ती आपली हक्काची मागणी आहे. पण मंडळी, भांडताना समोर काय उभं आहे, हे माहीत असू द्या.