झाडावरचे पाणी आणि हिवताप

ब्रोमेलियाड हे अननसाचे कुळ. परंतु त्यातील अनेक जाती जमिनीत न रुजता उष्ण प्रदेशातील वर्षावनांत उंच वृक्षांच्या फांद्यांवर वाढतात. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. त्या आधारवृक्षाचा रस शोषत नाहीत, केवळ त्याच्या उंचीचा आणि उजेडाचा लाभ घेतात. यांपैकी पुष्कळ जातींची पाने तळाशी घट्ट जुळून पेल्यासारखी होतात आणि त्यांत पावसाचे पाणी साठते. त्या पाण्यात डासांच्या अळ्याही वाढतात, या गोष्टीचे वैद्यकीय महत्त्व उमगले ते मात्र एका लोहमार्गामुळे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये साओ पावलो आणि सांतोस बंदर यांना जोडणाऱ्या नव्या मार्गाचे काम सेर्रा दो मार या डोंगररांगेत चालू असता मजुरांत हिवतापाची साथ पसरली. हिवतापाचा संबंध दलदलीशी जोडण्याचा तो काळ होता, आणि येथे तर तीव्र उतारामुळे पाणी साचण्यास फारशी जागाच नव्हती. ब्राझीलचे वैद्य आदोल्फो लुत्झ यांनी हिवताप पसरवणाऱ्या डासांचे उगमस्थान ब्रोमेलियाडच्या पानांत शोधले आणि 1903 मध्ये हा ‘वनहिवताप’ शब्दबद्ध केला.

त्रिनिदाद बेटावर या वनस्पतीला रानाबाहेरचे घर मळेवाल्यांनीच दिले. कोकोला सावली लागते म्हणून त्यांनी इमॉर्टेल, म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्या वंशातील झाडे, ओळीने लावली. त्यांच्या फांद्यांवर ब्रोमेलियाड माजले आणि त्यांत ‘ॲनोफिलीस बेलेटर’ हा हिवताप पसरवणारा डास पोसला गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जीवशास्त्रज्ञ कॉलिन पिटेन्ड्रिग यांनी येथे या साखळीचा अभ्यास केला. कोणती जाती किती उजेडात वाढते आणि कोणता डास कोणत्या उंचीवर, कोणत्या वेळी चावतो, हे त्यांनी नोंदवले. सजीवांच्या अंतर्गत घड्याळाविषयीच्या त्यांच्या पुढील संशोधनाची बीजे या नोंदींत आहेत. उपाय मात्र ओबडधोबड होता: मोरचुदाचे द्रावण झाडांवर फवारून ब्रोमेलियाड मारणे.

दक्षिण ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातही हिवताप रोखण्यासाठी 1940 नंतर ब्रोमेलियाड हातांनी उपटण्यात आले आणि वस्तीलगतची रानेही तोडली गेली. कोणत्या जातींत डास वाढतात हे ठरवण्यासाठी आधी त्या जाती ओळखणे भाग होते, म्हणून या मोहिमेला वनस्पतिशास्त्रज्ञांची गरज पडली. त्यांपैकी राउलीनो राइट्झ या धर्मगुरूंनी त्या राज्यातील ब्रोमेलियाडांचा सविस्तर ग्रंथ 1983 मध्ये प्रसिद्ध केला.