कोयनेच्या भिंतीचे कंप

आपली वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला, आणि कोयनाही कऱ्हाडला कृष्णेतच उतरते. म्हणून कोयनेची हकीकत गारगोटीच्या व्यासपीठावरून सांगताना आम्हांला परक्या गावाची कथा सांगतो आहो असे वाटत नाही.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ते खोरे हादरले. सुमारे १८० माणसे दगावली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले. ते फुटते तर कऱ्हाडपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत काय उरले असते, याची कल्पनाच करवत नाही. परंतु भिंत अभंग राहिली नव्हती. ज्या भागांवरून पाणी सांडत नाही, तेथे पायापासून सुमारे ६६ मीटरांवर दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या होत्या.

भेगा तेथेच का? भिंत आरंभी दोन टप्प्यांत बांधावयाची होती. काम चालू असताना ती एकदमच पूर्ण उंचीस न्यावयाचे ठरले. त्यामुळे खालच्या अंगाचा उतार त्या उंचीवर एकाएकी बदलला आणि भिंतीला जणू मान आली. शिवाय जुन्या हिशेबात भूकंपाचा आडवा रेटा वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका, आणि तोही पायापासून माथ्यापर्यंत सारखाच, धरला होता. प्रत्यक्षात धरणाच्या आतील यंत्राने प्रवाहाच्या दिशेने नोंदलेला धक्का गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा होता.

आता वेताची छडी एका टोकाशी घट्ट धरून हलवून पाहावी. शेंडा झोके घेतो, बूड जागचे हलत नाही. हा पहिला कंपनप्रकार. दुसऱ्या प्रकारात मध्येच एक बिंदू स्थिर राहतो आणि त्याच्या दोन बाजू उलट दिशांना जातात. भिंतही अशीच डोलते. गणित प्रत्येक प्रकाराची गती आणि आकृती देते, आणि आकृतीत माथ्यापुढे बहुधा '१' लिहिलेले असते. नवशिका तो एक मीटर समजतो! ते केवळ प्रमाण असते. भिंत किती हलेल हे भूकंप त्या प्रकाराला किती चेतवतो यावर ठरते.

दुसरी गफलत अधिक चकवणारी. सर्वांत जास्त हलतो माथा, पण तडकते ती जागा जेथे वाक आणि ताण जास्त. १८८० साली क्यूरी बंधूंना स्फटिक दाबला असता वीज उपजते असे आढळले. त्या तत्त्वावरच्या आजच्या पातळ पट्ट्यांतही हेच घडते. मोकळे टोक खूप झुलते, पण तेथे वाक नाही म्हणून वीजही नाही. आणि दुसऱ्या प्रकारात पट्टीचे दोन भाग उलट वाकत असल्याने सलग पत्र्यावरचे विद्युत्भार एकमेकांना काही अंशी खोडून टाकतात.

बर्कले येथील अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती यांनी कोयनेत नोंदलेला धक्काच गणकयंत्राला पुरवून हिशेब केला व तो १९७३ साली प्रसिद्ध केला. मानेशी येणारा ताण काँक्रीटच्या सोसण्यापलीकडचा निघाला. जुन्या पद्धतीने तेथे धोका दिसलाच नव्हता.

पुढे त्या भागांना मागून काँक्रीटचे जाड टेकू देण्यात आले. १९८४ च्या भारतीय मानकात शंभर मीटरपर्यंतच्या धरणांसाठी रेट्याचा गुणक माथ्याशी दीडपट आणि पायाशी शून्य असा उतरता धरलेला आहे.