न पिकणारं अंजीर : स्मर्ना ते फ्रेस्नो

आजचा भाग अंजिरावर. हवा उष्ण आणि जातही नामांकित असली, तरी बाग फसू शकते. ती कशी, ते बघू.

बऱ्याच दिवसांत न दिसलेल्या माणसाला आपण 'उंबराचं फूल झालास' म्हणतो. उंबराची फुलं दिसत नाहीत, कारण ती फळाच्या आत असतात. अंजीर हे उंबराचंच भावंड. आपण खातो ते फळ म्हणजे आतून बारीक फुलांनी भरलेली पिशवी. देठाच्या विरुद्ध टोकाला एक छिद्र असतं, त्याला डोळा म्हणतात. सगळी गोष्ट या डोळ्यापाशी आहे.

सुकं अंजीर म्हटलं की तेव्हा स्मर्नाचं नाव निघायचं. स्मर्ना म्हणजे तुर्कस्तानातलं आजचं इझमीर. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियात तिथली छाटकलमं आणून लावली. हवा जवळपास तशीच, कडक कोरड्या उन्हाळ्याची. झाडं जोमानं वाढली, पण फळं लहान असतानाच गळून जायची. तुर्कांनी भलतंच झाड गळ्यात मारलं, असा संशयही आला.

झाडं अस्सल होती! स्मर्ना जातीत फक्त मादी फुलं असतात. पराग येतो रानटी नर अंजिरातून, आणि तो आणते एक इवलीशी गांधीलमाशी, डोळ्यातून आत शिरून. तिकडचे शेतकरी म्हणूनच नर अंजिराची फळं बागेत टांगत. ॲरिस्टॉटल आणि थिओफ्रास्टस यांनी ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवली होती, पण कॅलिफोर्नियात अनेकांना ती खुळी समजूत वाटली. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड कॉपी केला, डिपेंडन्सी तिकडेच राहिली.

१८९० च्या सुमारास फ्रेस्नोत हातानं पराग घालून बघितला आणि फळं टिकली. मग अमेरिकेच्या कृषी खात्याच्या वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियातून माश्या असलेली नर अंजिरं पाठवली. १८९९ मध्ये जॉर्ज रोडिंग यांच्या बागेत माशी रुजली. कॅलिफोर्निया अधिक स्मर्ना, म्हणून जातीचं नाव पडलं 'कॅलिमिर्ना'.

आता आपल्याकडे. पुणे अंजीर 'सामान्य' गटातलं, परागाशिवाय फळ धरणारं. म्हणून पुरंदरच्या बागांना ती माशी लागत नाही, आणि वर्षाला खट्टा व मीठा असे दोन बहार घेता येतात. पुरंदर अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

नुसतं नाव बघूनही भागत नाही. 'ब्राउन टर्की' नावाचं इंग्लंडमधलं झाड वेगळं आणि कॅलिफोर्नियातलं वेगळं. एकाच झाडाची पानंसुद्धा सारखी नसतात. म्हणून फळ बघावं: साल, गराचा रंग, देठ, आणि डोळा. डोळा उघडा असेल तर पावसाचं पाणी आणि किडे आत जातात, फळ आंबतं. दमट भागात घट्ट डोळ्याची जात बरी.

रोप घेताना माझ्या मते पहिला प्रश्न गोडीचा नसावा. 'याला माशी लागते का?' हे आधी विचारा. तीन वर्षं पाणी घालून फळं गळताना बघण्यापेक्षा एक प्रश्न स्वस्त.

भेटू पुढच्या भागात.