टॉवर नेमका कुठे? उत्तर उत्क्रांतीच्या गणितात

बिनतारी ब्रॉडबँडचे जाळे विणताना पहिला पेच पडतो तो जागेचा. समजा, एखाद्या शहरात टॉवरसाठी शंभर इमारतींच्या गच्च्या उपलब्ध आहेत. प्रत्येक गच्ची घ्यायची की सोडायची, एवढेच ठरवायचे म्हटले तरी संभाव्य आराखड्यांची संख्या ३१ अंकी होते. ते सारे तपासणे वेगवान संगणकाच्याही आवाक्याबाहेरचे आहे. अँटेनाची उंची, दिशा आणि कल यांचा हिशेब तर निराळाच.

अशा वेळी 'जेनेटिक अल्गोरिदम' उपयोगी पडतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जॉन हॉलंड यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची सैद्धांतिक बैठक मांडली. येथे एक आराखडा म्हणजे शून्य आणि एक या अंकांची माळ. एक म्हणजे टॉवर हवा, शून्य म्हणजे नको. संगणक प्रथम असे शे-दोनशे आराखडे स्वैरपणे तयार करतो. सिग्नल किती भागात पोहोचतो, खर्च किती, शेजारचे टॉवर परस्परांच्या लहरींत किती व्यत्यय आणतात, यावर प्रत्येकाला गुण मिळतात. सरस माळांचे तुकडे एकमेकांना जोडून पुढची पिढी जन्माला येते; क्वचित एखादा अंक मुद्दाम बदलला जातो. शेकडो पिढ्यांनंतर चांगला आराखडा हाती येतो. तो सर्वोत्तमच असेल, अशी हमी मात्र नसते.

खर्च आणि व्याप्ती यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात. कानपूर आयआयटीतील कल्याणमय देब व सहकाऱ्यांची २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली 'एनएसजीए-२' ही पद्धत म्हणूनच एकच उत्तर न देता, स्वस्त व तोकड्यापासून महाग व विस्तृतापर्यंत आराखड्यांची मालिका समोर ठेवते. त्यातून निवड करणे नियोजकाकडेच राहते.

खरी मेख आहे ती गुण देण्याच्या निकषांत. केवळ ग्राहकसंख्येला गुण दिले, तर विरळ वस्तीचे पाडे आणि शहराच्या कडेच्या वसाहती पिढीगणिक गळत जातात. संगणकाचा त्यात दोष नाही. त्याला सांगितले तेच त्याने केले. प्रत्येक वस्तीला किमान सिग्नल मिळालाच पाहिजे, अशी अट आधीच घातली तर निकाल बदलतो, खर्चही वाढतो. हा आकडा कंपनीच्या बैठकीत ठरतो, गणितात नव्हे. शिवाय इमारतींचा नकाशा जुना असेल, तर नव्या उत्तुंग इमारतीमागची सावली संगणकाला दिसतच नाही. म्हणूनच जाळे सुरू झाल्यावरही मोजणीची उपकरणे गाडीत ठेवून अभियंत्यांना रस्तोरस्ती फिरावे लागते.